ताई, तुला लिंक पाठवली नव्हती

ताई,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. माणसं येऊन गेली, तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेली. मी नुसती मान हलवत होतो. सगळ्यांना वाटलं, भावाच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. मला बोलायचं होतं गं, पण तुझ्याशी. आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसलोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "निल्या, फिरवू नको, मुद्द्याचं बोल." तर मुद्द्याचं हे, की मृणालने आणि मी बाळासाठी लागणाऱ्या वस्तूंची जी यादी केली होती, तिची लिंक 'बहुतेक गेली नसेल, नेटवर्क' असं मी तुला फोनवर सांगितलं. नेटवर्क ठीक होतं. मी ती तुला पाठवलीच नव्हती.

मृणालच्या गोरेगावच्या ऑफिसात हल्ली ही पद्धत आहे. कुणाकडे बाळ येणार असलं की त्या दोघांनी ऑनलाइन यादी करायची, लिंक सगळ्यांना धाडायची आणि ज्याला जे द्यायचं असेल त्याने त्यातलं उचलायचं. बेबी रजिस्ट्री म्हणतात. म्हणजे एकाच मापाची सात झबली येत नाहीत. सहाव्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही ती करायला बसलो आणि जेवायची वेळ टळून गेली तरी उठलो नाही. तू ते बघायला हवं होतंस. बोरीवलीच्या आपल्या त्या घरात शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, आणि आम्ही बाळाचं रडणं ऐकू यावं म्हणून कॅमेऱ्याचा मॉनिटर लिहिला. सोसायटीच्या गेटबाहेर फुटपाथ नाही, जिथे आहे तिथे स्कूटर लावलेल्या असतात, तरी बाबागाडी लिहिली. ओले वाइप्स गरम करायचं यंत्र लिहिलं. मी हसलो तर मृणाल चिडली. म्हणाली, "तुला सगळं फालतू वाटतं. उद्या काही कमी पडलं तर तू धावणार आहेस का?"

मी म्हटलं, "धावीन की."

"कुठे धावशील? काय आणायचं ते माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. थोड्या वेळाने तीच हळू आवाजात म्हणाली, "निलेश, ही लिस्ट पूर्ण झाली ना, की मी तयार आहे असं मला वाटेल. म्हणून लिहितेय." मग मीही लिहीत गेलो. पहिलटकरांना आपलं अज्ञान असंच दुकानातून भरून काढावंसं वाटत असणार. एकसष्ट वस्तू झाल्या.

आणि ताई, त्या साडेतीन तासांत आम्हा दोघांच्या मनात एकदाही आलं नाही की मुलुंडला आपलं एक माणूस सात वर्षं लहान मुलांच्या दुकानात काउंटरवर उभं आहे, त्याला एक फोन करावा. खोटं कशाला बोलू? आलं होतं. मृणालच्या तोंडून आलं होतं. ती म्हणाली, "ताईंना विचारू या का? त्यांना तर सगळं तोंडपाठ असेल." आणि मी म्हणालो, "नको, ते माझ्यावर सोड."

कारण आई त्याआधीच माझ्याशी बोलली होती.

आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मृणाल आंघोळीला गेलेली. आईने मान वर न करता सांगितलं, "झिला, शुभांगीक आताच काय ता सांगू नको. तिच्या जिवाक लागात." मला ते पटलं. तुझ्या डॉक्टरांच्या फायली मी पाहिल्या होत्या. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले, तेव्हा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर भावोजींच्या बाजूला मीच बसलो होतो. त्यामुळे मी हो म्हटलं. पण आई तिथे थांबली नाही. खवणीवर हात ठेवून म्हणाली, "आणि पयलाच आसा. जपाक व्हया." एवढंच. मी काही न कळल्यासारखं केलं. मला कळलं होतं. तुझा हात, तुझी नजर, तुझी ओटी, ह्यातलं काही आमच्या पहिल्या बाळाजवळ नको, असं आई तिच्या पोटच्या मुलीबद्दल म्हणत होती. आणि मी पदवीधर, बँकेत नोकरी करणारा, चार लोकांत अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारा, तिथून उठून बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेलो.

तेव्हापासून मी फक्त पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. ताईला वाईट वाटेल. ते किती सोयीचं होतं.

ताई, तुला वाईट वाटून संपलं होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तू छत्तीसची असताना मला मुलुंड स्टेशनबाहेर बोलावून घेतलं होतंस. आपण रसवंतीत बसलो होतो. तू म्हणालीस, "बस झालं, निल्या. ह्यांना पण सांगितलंय. सुया बंद, फायली बंद. माझं रडून झालंय आता." आणि दुसरा ग्लास मागवलास. त्याच वर्षी त्या दुकानात लागलीस. आई हादरली होती. नातेवाइकांत कुजबुज झाली, की हिला दुसरी जागा मिळाली नाही का, रोज रोज स्वतःला टोचून घ्यायचं म्हणजे काय. तू म्हणालीस, "घरापासून चालत सात मिनिटं आहे. अजून काय पाहिजे?" रोज पोटुश्या बायका तुझ्यासमोर यायच्या, त्यांना तू खुर्ची द्यायचीस, पाणी द्यायचीस, आणि मालकाच्या डोळ्यांदेखत सांगायचीस की हे आत्ता घेऊ नका, तीन महिन्यांनी बघू. दिवसाला दहा अनोळखी बाळांचं कोडकौतुक करणाऱ्या बाईला सख्ख्या भावाचं बाळ सोसणार नाही, असं मी ठरवलं.

पाचव्या महिन्यात तुला बातमी दिली तेव्हाच तुला पहिला फटका बसला होता. तू आनंदाने ओरडलीस आणि लगेच विचारलंस, "कितवा?" मी म्हटलं, "पाचवा." तू थोडा वेळ काही बोलली नाहीस. मग म्हणालीस, "झकास. मृणालला दे फोन." त्या मधल्या शांततेत तू सगळा हिशोब लावला असणार. तिसऱ्यात आईला कळलं, चौथ्यात नीताला, आणि तुला पाचव्यात.

नीता. आपली मावसबहीण नसती तर कदाचित हे असंच झाकलं गेलं असतं. मी तुझ्याशिवाय घरच्यांचा एक नवीन ग्रुप केला होता. त्यात लिंक टाकली. नीता घाटकोपरला राहते, मुलुंड तिला जवळ, आणि दुकान आपल्या शुभाताईचं. ती सरळ मोबाईल घेऊन तुझ्या काउंटरवर आली. "ताई, मृणालच्या लिस्टमधली ही बेबी कॅरिअर तुझ्याकडे आहे का गं? हाताळून घेतली असती." तिने तुझ्यासमोर मोबाईल धरला. तू तो हातात घेतलास आणि सगळी यादी खालपर्यंत वाचलीस, नीता सांगत होती. चेहऱ्यावर काही दाखवलं नाहीस. तिला चांगली कॅरिअर काढून दिलीस, बाळाची मान कशी सांभाळायची ते दाखवलंस.

दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन आला.

"अरे, लिस्ट केलीस म्हणे. नीताच्या फोनवर बघितली."

"हो अगं, तुलापण पाठवली होती ना... गेली नाही का? नेटवर्क असेल."

"असेल," तू म्हणालीस. मग तुझा नेहमीचा आवाज आणलास. "एकसष्ट वस्तू आहेत त्या. चाळीस काढ. पहिल्या महिन्यात बाळाला लागतं काय? दूध, कोरडं ढुंगण आणि न कावलेली आई. बाकी सगळं आईबापांना लागतं. ती बाबागाडी काय आईला बसवून फिरवणार आहेस? आणि सुती दुपटी कुठे आहेत लिस्टमध्ये? एक नाही. डझनभर लागतील, रोज भिजतात."

मी हसलो. मला वाटलं, सुटलो. तेव्हाच तू विचारलंस, "आईने सांगितलं का रे, मला पाठवू नको म्हणून?"

"नाही गं. आम्हीच म्हटलं, तुला उगाच त्रास..."

"माझा त्रास मला विचारून ठरव ना, यार."

मी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"त्रास म्हणून नाही पाठवलीस, की माझा हात लागायला नको म्हणून?"

तू सरळ विचारलंस. रागाने नाही, दुकानात 'साइज काय' विचारावं तसं. आणि मी तुझ्यावरच उलटलो. म्हणालो, "काहीतरीच काय बोलतेस? तू ना सगळं स्वतःवर ओढून घेतेस. कोणाच्या मनात पण नसतं तसलं." तू "बरं" म्हणालीस. आणि मग, "जेवून घे, डबा गार होईल."

त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं, ताई. ते मला त्या क्षणी माहीत होतं. मी हो म्हटलं असतं तर तू मला शिव्या घातल्या असत्यास, मग बोरीवलीला येऊन आईसमोर बसली असतीस आणि ते मिटवलं असतंस. तुला ते जमत होतं. मृणाल नागपूरची, आपल्यातली नाही, म्हणून आई अडून बसली होती तेव्हा तू आली होतीस ना. चप्पल काढलीस आणि आईच्या पुढ्यात मांडी घालून बसलीस. मला आणि बाबांना, तेव्हा ते होते, बाहेर काढलंस. आम्ही दोघं खाली सोसायटीच्या बाकावर बसून होतो. बाबा म्हणाले, "शुभा आत आहे ना, मग होईल." झालंच. वर गेलो तेव्हा आई मृणालच्या आईचा नंबर मागत होती. माझं लग्न तू आईशी भांडून लावून दिलंस. आणि तुझ्यासाठी मला आईला एक वाक्य बोलायचं होतं. 'आई, हे चूक आहे.' तेवढंच.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात एका शनिवारी केलं. मी तुला फोन केला, कारण न करणं फारच उघडं पडलं असतं. "शनिवारी कार्यक्रम आहे, येशील ना?" त्या 'येशील ना'मध्ये किती जीव होता ते तुला ऐकू आलं असणार. तू म्हणालीस, "शनिवारी दुकानात गर्दी असते रे. बघते." मी पुन्हा आग्रह केला नाही. फोन ठेवला तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहिताना बोट थांबतंय, पण लिहितो. मला हायसं वाटलं. आईलाही सांगितलं. ती आत जाऊन हिरव्या बांगड्यांचं पाकीट उघडून मोजायला लागली.

कार्यक्रम चांगला झाला. मृणालने दोनदा विचारलं, ताई का आल्या नाहीत. रात्री तुझा मेसेज आला, फोटो पाठव. मी सगळे पाठवले. तू लिहिलंस, 'मृणाल छान दिसतेय. आईला हिरवा रंग शोभतो.'

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी तू ओट्याजवळ कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दोन दिवस तू अतिदक्षता विभागात होतीस. नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी, कधी कधी ऐकू जातं. एका बाजूला आई उभी होती, दुसऱ्या बाजूला मी. मला तेव्हा सांगता आलं असतं. आई समोर होती म्हणून मी नाही सांगितलं. मी म्हणालो, "ताई, लवकर बरी हो हां." तुझ्या कानाशी वाकून मी बोललेलं शेवटचं वाक्य हे. आजारी माणसाच्या कार्डावर छापलेलं असतं तसलं.

तेराव्यानंतर भावोजींनी मला दुकानातून तुझं सामान आणायला सांगितलं. त्यांच्याने तिथे पाऊल टाकवत नव्हतं. मी गेलो. तुझ्या काउंटरवर आता दमयंतीबेन उभ्या असतात, तू ज्यांच्याबरोबर डबा खायचीस त्या. त्यांनी लॉकर उघडून दिला. वाचायचा चष्मा, घरात घालायच्या सपाता, साडीच्या पिना, अर्धं संपलेलं बडीशेपेचं पाकीट. मी सगळं पिशवीत भरलं आणि पुन्हा आत हात घालून मागचा कोपरा चाचपला. कशासाठी ते तुला सांगतो. मला वाटत होतं, काहीतरी सापडेल. बाळासाठी तू गुपचूप घेऊन ठेवलेलं एखादं झबलं, टोपरं, काहीतरी. म्हणजे तू मला माफ केलं होतंस असं मी धरून चाललो असतो. काही नव्हतं. तू गेल्यावरही मी तुझ्याकडून काहीतरी घ्यायलाच गेलो होतो. लॉकरच्या त्या पत्र्यावर हात ठेवून मी उभा राहिलो आणि मला स्वतःची किळस आली.

दमयंतीबेनना मी रडतोय असं वाटलं. त्यांनी मला तुझ्याच त्या खुर्चीवर बसवलं, पोटुश्या बायकांना देतात त्या. पाणी दिलं. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "भाई, नशीब ते फंक्शन तरी तिला बघायला भेटलं. किती खूश होती! आठ दिवस आधी रजा टाकली शेठकडे. मला विचारत होती, दमयंतीबेन, जांभळी नेसू की मोरपिशी?"

मी म्हटलं, "कुठलं फंक्शन?"

"तुमच्याकडचंच ना. शनिवारचं."

मी पिशवी उचलली आणि तुझ्या घरापर्यंत चालत गेलो. खरंच सात मिनिटं लागतात. भावोजी पेपर पुढ्यात घेऊन बसले होते, वाचत नव्हते. मी दारातच विचारलं, "त्या शनिवारी ताई घरी होती?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "हो."

"मला म्हणाली होती गर्दी असते."

"गर्दी असतेच. रजा घेतली होती तिने." मग त्यांनी सांगितलं. तू सकाळी डोक्यावरून न्हायलीस. मोरपिशी साडी नेसलीस. गजरा त्यांनीच आणून दिला. अकरा वाजता ते म्हणाले, चल, रिक्षा बघतो. तू म्हणालीस, थांबा जरा. साडेअकराला ते पुन्हा म्हणाले, अगं चल ना, तुझ्याच भावाचं घर आहे, बोलावणं काय लागतं? तेव्हा तू म्हणालीस, "बोलावलंय त्याने. एकदा. अजून एकदा म्हणाला ना, तर जाऊ." फोन शेजारी ठेवून तू दिवाणावर बसून राहिलीस. दोन वाजेपर्यंत. मग उठलीस, साडी बदललीस आणि कुकर लावलास.

"तुम्ही मला का नाही फोन केलात, भावोजी?"

"तिने शपथ घातली होती," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? मलाही वाटत होतं, तू करशील."

त्या शनिवारी अकरा ते दोन मी काय करत होतो ते मला आठवतंय. खुर्च्या लावल्या. कॅटररशी सुक्या भाजीवरून हुज्जत घातली. पाहुण्यांचे फोटो काढले. फोन सगळा वेळ माझ्या हातात होता.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. मला तिला लागावं असं वाटत होतं, हेही खरं. मृणाल समोर होती. तिला पहिल्यांदाच सगळं कळत होतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी दुसराच कुणीतरी आहे. म्हणाली, "मी दोनदा विचारलं होतं तुला. दोनदा." आणि आत निघून गेली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ती यादी तिने त्याच संध्याकाळी काढून टाकली. मी का विचारलं, तर म्हणाली, "ताई म्हणाल्या होत्या तेवढ्याच वस्तू घेऊ. उरलेलं बाळ आलं की कळेल."

मला वाटलं आई नाकारेल, मी असं बोललेच नाही म्हणेल. ती खुर्चीत बसली आणि पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली, सोडत राहिली. मग म्हणाली, "माका ठाऊक होता रे, कसा वाटता ता."

तुला हे माहीत होतं का, ताई? तुझ्या-माझ्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. मधे आईची दोन बाळं गेली. मला हे चौतिसाव्या वर्षी कळलं. ती बाळं गेली त्या दिवसांत गावाला धाकट्या काकीचं डोहाळजेवण होतं, आणि आपल्या आजीने आईला मागच्या पडवीत वडे तळायला बसवलं, पुढे येऊ दिलं नाही. "शुभा माझ्याकडे इली," आई म्हणाली, "सात-आठ वर्षांची होती. माका म्हणता, आये, तू भायर का येणस नाय? मी म्हटलंय, वडे करपतीत गो." आईने पदराची गाठ घट्ट ओढली. "माका सगळा ठाऊक होता. तरी मी पोराक तसाच केलंय."

मग ती रडली. इतके दिवस आलेल्या-गेलेल्यांसमोर रडत होती, हे रडणं तसं नव्हतं. मी तिच्या जवळ गेलो, पण पाठीवर हात ठेवायला मला काही मिनिटं लागली.

काल सकाळी आई स्वतःच तयार होऊन बसली. म्हणाली, मुलुंडला जायचंय. भावोजींनी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेरच तिने हात जोडले. ते गडबडले, "अहो आई, आत या आधी." आत येऊन ती बसलीही नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाळ झाला की पयल्यांदा तुमी घेवा. शुभाच्या जागेर. माझी तेवढी इच्छा आसा."

भावोजींना तू ओळखतेस. त्यांनी कधी कुणाला तोडून बोललेलं मी ऐकलं नाही. त्यांनी आईला हाताला धरून दिवाणावर बसवलं. मग म्हणाले, "आई, बाळाला बघायला मी येणारच. घेईन पण. माझं पण भाचरूच आहे ते. पण तिच्या जागेवर मला बसवू नका. ती जागा तुम्ही तिला द्यायची होती." आवाज चढला नाही. "मी घेतलं म्हणून तिला मिळणार नाहीये ते."

आई खाली बघत राहिली. मीही. थोड्या वेळाने भावोजी "चहा टाकतो" म्हणून आत गेले. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज आले, मग ते बाहेर येऊन म्हणाले, "साखर कुठे ठेवायची ते मला सापडत नाहीये." आई उठली. तिने तुझ्या ओट्यावरचे डबे एकेक करून उघडले. साखर सापडली तेव्हा डबा हातात धरून ती बराच वेळ तशीच उभी होती. शेवटी चहा मीच केला.

निघताना भावोजी खाली रिक्षापर्यंत आले. आईला बसवून दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "निलेश, ती तुझ्यावर रागावली नव्हती." मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "वाट बघत होती. रागावली असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं."

तर असं आहे, ताई. तू क्षमा केलीस की नाही, ते मी आता स्वतःच्या सोयीने ठरवणार नाही. तेवढं तुझ्याकडून शिकलो.

मृणालला पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. रात्री बाळ फार हलतं, तिला झोप लागत नाही. आई सुती दुपटी शिवायला बसली आहे, रोज एक होतं. आम्ही घाबरलेले आहोत आणि आम्हाला काहीच येत नाही. न्हाऊ कसं घालायचं, ढेकर कशी काढायची, किती रडणं म्हणजे जास्त रडणं, हे सगळं मी तुला विचारलं असतं आणि तू "अरे बावळटा" म्हणून सुरुवात केली असतीस. आता कुणाला तरी विचारू. शिकू.

बाळ बोलायला लागलं की कधीतरी तुझा फोटो दाखवून विचारेल, ही कोण? मी सांगीन, ही तुझी आत्या. मग ते विचारेल, ती आपल्याकडे कधीच का नाही आली? मुलं विचारतातच. तेव्हा आई तिथे बसलेली असेल किंवा नसेल. मी त्याला सांगीन की ती यायला निघाली होती, साडी नेसून तयार होती, तिला फक्त पुन्हा एकदा बोलवायचं होतं, आणि ते तुझ्या बाबाने केलं नाही.